पोटाची रचना आणि बाबांचा देव

वाचकाचं पत्र

नमस्कार मॅडम,

मी वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला आहे. सध्या आमचं पोटाचं डिसेक्शन चालू आहे. घरचं वातावरण भाविक. दिवसभरात काय पाहिलं ते मी बाबांना फोनवर सांगायचे आणि ते म्हणायचे, "बघ, इतकं सगळं इतक्या नेमक्या जागी! हे आपोआप होईल का? कुणीतरी योजलेलं आहे हे." मला ते पटायचं. माझ्या खोलीतली मैत्रीण मात्र म्हणते, की असं असेल तर योजणाऱ्याला नापासच करायला हवं. अपेंडिक्स बिनकामाचं, जांघेत भोक ठेवलेलं, पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी एकाच तोंडाला आणून सोडलेली. मला तेही पटतं.

मध्यंतरी बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. मी घरी गेले तेव्हा ते म्हणाले, "देवाच्या कृपेने सुखरूप पार पडलं." मी पटकन बोलून गेले, "देवानेच शिवण कच्ची ठेवली म्हणून तर ऑपरेशन करावं लागलं." बाबा गप्प झाले. तेव्हापासून फोनवर पोटाचा विषय निघतच नाही. जेवलीस का, झोपलीस का, एवढंच. दोघांपैकी बरोबर कोण? आणि बाबांशी आता काय बोलू?

— पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी


प्रिय विद्यार्थिनी,

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यावर अवलंबून आहे. बाबांची माफी नेमकी कशाबद्दल मागायची आणि कशाबद्दल मागायची गरज नाही, हे त्याशिवाय ठरणार नाही. म्हणून थोडा दम धर. आधी टेबलावरच्या पोटाकडे जाऊ.

मी शरीररचनाशास्त्र शिकवते. पोटाचं डिसेक्शन सुरू झालं की हा वाद या ना त्या रूपात वर्गात येतोच, आणि मला तो आवडतो, कारण तो विद्यार्थ्यांना नीट बघायला लावतो. माझं मत आधीच सांगून टाकते. बाबा आणि तुझी मैत्रीण दोघेही पोटाकडे असा प्रश्न घेऊन गेले आहेत ज्याचं उत्तर त्याच्याकडे नाही. देव आहे की नाही, याची साक्ष पोट देत नाही. आपण कसे घडलो याची साक्ष मात्र ते देतं, आणि ती इतकी स्पष्ट आहे की ती ऐकायची सोडून त्याला दुसऱ्याच खटल्यात ओढलं की मला हळहळ वाटते.

सुरुवात जांघेपासून करू, कारण बाबांच्या बाबतीत सगळं तिथेच घडलं.

मैत्रीण ज्याला भोक म्हणते ती इंग्वायनल कॅनल ही जेमतेम ४ सेंटीमीटरची तिरकी वाट आहे. तिचं आतलं तोंड आणि बाहेरचं तोंड समोरासमोर येत नाहीत. म्हणूनच खोकताना, शिंकताना, जोर करताना पोटातला दाब वाढला की मागची भिंत पुढच्या भिंतीवर दाबली जाते आणि वाट मिटते. शिवाय इंटर्नल ऑब्लिक आणि ट्रान्सव्हर्सस या दोन स्नायूंचे खालचे तंतू या वाटेवरून कमानीसारखे गेलेले असतात. स्नायू आवळले की ही कमान सपाट होत खाली उतरते आणि वाट आणखी घट्ट बंद करते. बाहेरच्या तोंडाच्या बरोबर मागे याच दोन स्नायूंचा जोडलेला कंडरा आधाराला उभा असतो. टेबलावरच्या शवात हे दिसत नाही, कारण तिथले स्नायू आवळत नाहीत. स्वतःच्या जांघेच्या जरा वर तळहात ठेवून खोक, म्हणजे जाणवेल. बहुतेक माणसांत ही व्यवस्था जन्मभर टिकते. तरीही पुरुषांपैकी सुमारे एक चतुर्थांश जणांना आयुष्यात कधी ना कधी जांघेचा हर्निया होतो. स्त्रियांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

आता खरा प्रश्न. पोटाच्या भिंतीतून ही वाट आलीच कशी? वृषणं तयार होतात ती पोटात, पाठीच्या बाजूला, मूत्रपिंडांजवळ. गर्भाच्या सातव्या महिन्याच्या सुमारास ती या वाटेने खाली उतरतात. उतरताना पेरिटोनियमची, म्हणजे पोटाच्या आतल्या पातळ अस्तराची, एक पिशवी पुढे गेलेली असते. ती पुढे मिटून जायला हवी. मिटली नाही तर तान्ह्या बाळातही हर्निया होतो. बाबांच्या वयात अनेकदा कारण वेगळं असतं, कॅनलची मागची भिंतच सैल पडलेली असते. पण मुळात ती जागा नाजूक आहे ती त्या जुन्या प्रवासामुळे.

या प्रवासाच्या खुणा तू स्वतः चिमट्याने सोडवून बघू शकतेस, आणि हे काम या आठवड्यात जरूर कर. वृषणाची धमनी जांघेतल्या जवळच्या रक्तवाहिनीतून निघत नाही. ती थेट महाधमनीतून, मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या जरा खालून निघते आणि एवढी लांब खाली उतरते. डावीकडची शीर तर परत वर चढून डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते. लसिकावाहिन्याही तशाच वर जातात. म्हणून वृषणाच्या कर्करोगात डॉक्टर गाठी शोधतात त्या जांघेत नव्हे, पोटात महाधमनीच्या कडेला. वृषणाला मार बसला तर कळ पोटात येते आणि मळमळतं, त्याचंही मूळ हेच. अवयव खाली आला, पण त्याच्या वाहिन्या आणि नसा जिथून सुरू झाल्या होत्या तिथेच राहिल्या.

मैत्रीण म्हणेल, मग हाच तर पुरावा, असं कोण शहाणा करेल? थांब. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं, म्हणून वृषणं बाहेर, असं आपण शिकवतो आणि माणसाच्या बाबतीत ते बरोबर आहे. पण हत्तीची वृषणं जन्मभर पोटातच, मूत्रपिंडांजवळ असतात आणि हत्तींना पिल्लं होतात. म्हणजे सस्तन प्राण्यांत ही गोष्ट एकाच तऱ्हेने झालेली नाही. कोणत्या वंशात काय झालं, कोणत्या क्रमाने झालं, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे आणि त्यावर काम चालू आहे. "कोण शहाणा असं करेल" या प्रश्नाने त्या कामात काहीच भर पडत नाही. शिवाय त्यात एक गृहीत दडलेलं आहे. योजणाऱ्याला काय हवं होतं, ते आपल्याला ठाऊक आहे, असं ते गृहीत. प्रत्येक माणसाला जन्मभर बिनतक्रार चालणारं शरीर द्यायचं होतं, हे मैत्रिणीला कुणी सांगितलं? तिचा युक्तिवाद एका विशिष्ट प्रकारच्या देवाविरुद्ध चालतो, जो कारागीर आहे आणि ज्याचा हेतू आपण जाणतो. असा देव मानणाऱ्या माणसाला तिने हा प्रश्न जरूर विचारावा, तो प्रामाणिक प्रश्न आहे. पण म्हणजे ती देवाच्या मनाबद्दलच बोलते आहे, ॲनॉटॉमीबद्दल नाही.

अपेंडिक्सचा मुद्दा तर तिने सोडूनच द्यावा. डार्विनने १८७१ मध्ये ते निरुपयोगी अवशेष म्हणून नोंदवलं आणि शंभरेक वर्षं पाठ्यपुस्तकं तेच म्हणत राहिली. पण त्याच्या भिंतीत लसिका-ऊतक, म्हणजे रोगप्रतिकाराचं ऊतक, ठासून भरलेलं आहे, हे सूक्ष्मदर्शकाखालची तुझी स्लाइडच सांगेल. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये अशी कल्पना मांडली, की जुलाबाने आतडं धुऊन निघालं तरी उपयुक्त जिवाणूंचा साठा या बोळकंडीत टिकून राहतो आणि तिथून ते पुन्हा पसरतात. पुढे वेगवेगळ्या सस्तन प्राण्यांची तुलना केल्यावर दिसलं, की अपेंडिक्स त्यांच्यात तीसहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उपजलं आहे. नुसत्या अडगळीच्या बाबतीत असं वारंवार होणं अवघड. अर्थात ते काढून टाकलेली माणसं उत्तम जगतात, हेही खरंच. एखादा अवयव "बिनकामाचा" आहे असं म्हणताना आपण बहुतेक वेळा आपल्याला काय माहीत नाही तेवढंच सांगत असतो, आणि अशा पायावर उभा केलेला नास्तिकपणा पुढच्या शोधनिबंधाने हलतो. नास्तिक व्हायला याहून भक्कम कारणं आहेत. तिला ती शोधू दे.

तिचा तिसरा मुद्दा, दोन नळ्यांचं एक तोंड, हा सगळ्यात चांगला. कारण या जागी बाबांचं आश्चर्य आणि तिची तक्रार दोन्ही खरी आहेत.

आधी बाबांच्या बाजूने बघ. स्वादुपिंड मांस पचवणारं विकर बनवतं आणि स्वतः मांसाचंच बनलेलं असतं. ते स्वतःला पचवून टाकत नाही, कारण ट्रिप्सिन हे ते विकर तिथे ट्रिप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात तयार होतं. त्याला जागं करणारं एंटरोकायनेज पुढे ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या, अस्तरावर असतं. म्हणजे रस नळीतून वाहत जाऊन आतड्यात पोचेपर्यंत निरुपद्रवी राहतो. वाटेत थोडंफार ट्रिप्सिन चुकून जागं झालंच, तर त्याला लगेच धरणारा रोधकही सोबत असतो. हे सगळं पहिल्यांदा कळतं तेव्हा माणूस थक्क होतो, आणि थक्क होण्यात काहीच गैर नाही. मी अजूनही होते.

मग मैत्रिणीच्या बाजूने. पित्ताशयातला एखादा लहान खडा घरंगळत त्या सामाईक तोंडाशी येऊन अडकला की स्वादुपिंडाचा रस तुंबतो, विकरं जागच्या जागी जागी होतात आणि अवयव स्वतःलाच पचवू लागतो. तीव्र पॅन्क्रियाटायटिसच्या, म्हणजे स्वादुपिंडाच्या दाहाच्या, प्रमुख कारणांपैकी हे एक आहे. वॉर्डात गेलीस की असा रुग्ण बघशील, गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकून बसलेला. त्या माणसासमोर रचनेची स्तुती करवत नाही.

आणि आता पोट स्वतः काय सांगतं ते ऐक. गर्भात पुढच्या आतड्याच्या शेवटाशी एक कोंब फुटतो. त्यातून यकृत, पित्ताशय आणि पित्तनळी बनतात. त्याच कोंबाच्या बुडाशी स्वादुपिंडाचा पुढचा, छोटा भाग उगवतो. मोठा भाग विरुद्ध, म्हणजे पाठीकडच्या बाजूने स्वतंत्र उगवतो. मग छोटा भाग पित्तनळीला धरून ड्युओडेनमच्या मागून फिरत येतो आणि मोठ्याला चिकटतो. नळ्या एकमेकींना मिळतात आणि मुख्य रस छोट्या भागाच्या नळीने बाहेर पडू लागतो. ही नळी पित्तनळीच्या शेजारी उघडते ती दोघी एकाच मुळातून आल्या म्हणून. काही माणसांत हे दोन भाग नीट जुळत नाहीत, काहींत छोटा भाग ड्युओडेनमभोवती कड्यासारखा अडकून बसतो. नेहमीचं पोट, बिघडलेलं पोट आणि त्यातला धोका, या तिन्हींचं स्पष्टीकरण एकाच घटनाक्रमातून मिळतं. "उत्तम योजना" म्हटलं तर कड्याचं काय करायचं कळत नाही. "वाईट योजना" म्हटलं तर ट्रिप्सिनोजेनचं काय करायचं कळत नाही.

आता बाबांच्या "आपोआप होईल का?" कडे येते. हा प्रश्न फार जुना आणि मोठमोठ्या लोकांनी विचारलेला आहे. विल्यम पेली या इंग्रज धर्मगुरूने १८०२ मध्ये 'नॅचरल थिऑलॉजी' या पुस्तकात घड्याळाचा दाखला दिला. माळरानावर घड्याळ सापडलं तर घड्याळजी असणारच. मग शरीराचाही कुणीतरी असणार. त्याने पोटातल्या मांडणीबद्दलही लिहिलं आहे, आतडी मेसेंटरीच्या, म्हणजे त्यांना पाठीच्या भिंतीशी जोडणाऱ्या पडद्याच्या, काठाला कशी बांधून ठेवली आहेत त्याबद्दल. उदाहरण त्याने नेमकं निवडलं होतं. मेसेंटरी हातात धरून बघ. पाठीच्या भिंतीशी तिचं मूळ साधारण १५ सेंटीमीटर, आणि तिच्या सुट्या काठाला लटकलेलं लहान आतडं शवात मोजलं तर सहा मीटरच्या आसपास. घेरदार परकर कमरेशी चुण्या घालून आवळावा तसं. आतडं मोकळेपणाने हलतं, पण सहसा पीळ पडत नाही, आणि प्रत्येक वेटोळ्याला रक्त पोचतं.

पण हे कुणी बाहेरून आणून भरलेलं नाही. सुरुवातीला आतडं ही शरीराच्या मध्यरेषेतली जवळजवळ सरळ नळी असते. सहाव्या आठवड्यात ती इतकी वाढते की पोटात मावत नाही आणि तिचं वेटोळं चक्क नाळेत शिरतं. दहाव्या आठवड्याच्या सुमारास ते परत आत येतं. या जाण्यायेण्यात ते वरच्या मेसेंटरिक धमनीभोवती, म्हणजे आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीभोवती, समोरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट दिशेने, एकूण २७० अंश फिरतं. ही धमनी टेबलावर शोध. ड्युओडेनमचा तिसरा भाग तिच्या मागून गेलेला दिसेल आणि आडवं मोठं आतडं तिच्या पुढून. तू बघते आहेस ती त्या फिरण्याची जशीच्या तशी राहिलेली खूण आहे. मोठ्या आतड्याच्या उभ्या भागांची मेसेंटरी नंतर पाठीच्या भिंतीला चिकटते, आणि आजही शस्त्रक्रिया करणारा सर्जन ती चिकटलेली सीमा शोधून तिथूनच आतडं सोडवतो, कारण तिथे जवळजवळ रक्त येत नाही. हे फिरणं अर्धवट राहिलं तर मेसेंटरीचं मूळ आखूड पडतं, आतड्याला पीळ बसतो, नवजात बाळाला हिरवी उलटी होते आणि काही तासांत ऑपरेशन करावं लागतं.

घड्याळ असं वाढत नाही, आणि तो दाखला तिथेच लंगडा पडतो. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने पेलीच्या आधीच, स्वतःच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये निघालेल्या पुस्तकात, ही शंका मांडून ठेवली होती. जगाचं साम्य यंत्रापेक्षा प्राण्याशी किंवा वनस्पतीशी जास्त आहे, मग ते बनवलेलं मानण्यापेक्षा वाढलेलं का मानू नये? ते वाढणं पिढ्यान्‌पिढ्या कसं बदलत जातं, हे मात्र ह्यूमला सांगता आलं नाही. ते १८५९ मध्ये डार्विनने सांगितलं. डार्विनने केंब्रिजला असताना पेली मन लावून वाचला होता आणि त्याला तो आवडलाही होता. नैसर्गिक निवडीचा नियम सापडल्यावर, एकेकाळी आपल्याला निर्णायक वाटलेला तो युक्तिवाद टिकत नाही, असं त्याने पुढे आत्मवृत्तात लिहिलं. बाबांना समजावताना एवढंच सांग. "आपोआप" म्हणजे योगायोगाने नव्हे. बदल यादृच्छिक होतात, पण कोणते टिकतात ते यादृच्छिक नसतं. एकीकडे योजना आणि दुसरीकडे निव्वळ योगायोग, असे दोनच पर्याय त्यांनी समोर ठेवले आहेत, आणि तिसरा त्यांना कुणी नीट सांगितलेला नाही.

हेतू चिकटवण्याची आपल्याला केवढी सवय आहे, याचा एक नमुना सांगते. आतड्याला वेटोळी का? प्लेटो म्हणतो, अन्न लवकर बाहेर पडून माणसाला सारखी भूक लागू नये म्हणून. नाहीतर तो खादाड होईल आणि तत्त्वज्ञान करायला त्याला सवडच मिळणार नाही. लांबीमुळे अन्न रेंगाळतं हे निरीक्षण बरोबरच आहे. पण त्यामागे ठेवलेला हेतू हा तत्त्वज्ञाने स्वतःच्या आवडीतून घेतलेला. चमत्कार फुगवून सांगण्याची सवयही तशीच. आतड्याचं आतलं क्षेत्रफळ टेनिसच्या कोर्टाएवढं, म्हणजे सुमारे २६० चौरस मीटर, असं आम्ही सगळेच शिकलो. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये नीट मोजलं तेव्हा अख्ख्या पचनमार्गाचं मिळून जेमतेम ३२ चौरस मीटर भरलं. परीक्षेत अजूनही कुणी टेनिस कोर्ट लिहितं. ३२ चौरस मीटर काय कमी आहे?

बाबांना या वादात एकटं वाटू नये म्हणून आणखी एक सांगते. यावर आपल्याकडे खूप आधी आणि खूप बारकाईने भांडून झालं आहे, आणि तेही भाविकांच्या आपापसांत. घट आहे म्हणजे कुंभार आहे, तसं जग हे कार्य आहे म्हणजे कर्ता आहे, हा न्यायदर्शनाचा युक्तिवाद. पुढे उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त तो पूर्ण ताकदीने मांडला. त्याच्या काही शतकं आधी बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी त्यावर बोट ठेवलं होतं: वारूळही मातीचंच असतं, मग तेही कुंभारानेच केलं म्हणायचं का? घट कुंभार करतो हे आपण पाहिलेलं असतं, म्हणून तिथे अनुमान चालतं. नुसतं "मातीचं आहे" एवढ्या साम्यावर ते चालत नाही. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीच्या या एका उदाहरणात पेलीच्या घड्याळाचं उत्तर आहे, आणि मला ते अतिशय सुंदर वाटतं.

सांख्यांचं म्हणणं आणखी वेगळं. 'सांख्यकारिके'त म्हटलं आहे, की वासराच्या वाढीसाठी दूध स्रवतं, आणि दुधाला तर काही कळत नाही. म्हणजे हेतू साधला जातो, पण हेतू धरणारं कुणी लागत नाही. शंकराचार्यांना हे मान्य नव्हतं. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात ते म्हणतात, घरं, राजवाडे, शय्या, आसनं जाणत्या कारागिराशिवाय झालेली दिसत नाहीत, मग अवयवांची अशी मांडणी असलेली शरीरं अचेतनातून कशी होतील? आणि दूध स्रवतं ते गाय सचेतन आहे, तिची वासरावर माया आहे आणि वासरू ओढतं म्हणून. म्हणजे बाबांचाच प्रश्न. पण तेच शंकराचार्य त्याच ग्रंथाच्या सुरुवातीला सांगतात, की ब्रह्माचं ज्ञान श्रुतीतून होतं, स्वतंत्र अनुमानातून नाही. रचनेच्या पुराव्यावर त्यांनी आपली श्रद्धा टांगलेली नाही. बाबांनीही टांगायला नको, एवढंच माझं म्हणणं आहे. कारण पुराव्यावर टांगलेली श्रद्धा पुरावा निसटला की पडते, आणि पोटाचा पुरावा निसटलेला आहे.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर: पोट योजून बनवलं आहे हे सिद्ध झालं असं बाबा म्हणत असतील, तर ते बरोबर नाहीत. त्यातल्या उणिवांनी देव नसल्याचं सिद्ध झालं असं मैत्रीण म्हणत असेल, तर तीही नाही. शरीर उत्क्रांतीने घडलं, याबद्दल मात्र मी काठावर बसत नाही, आणि तूही बसू नकोस. बाबा दुखावले म्हणून त्यात पाणी घालायचं कारण नाही.

आता बाबा. त्यांना तुझ्या ॲनॉटॉमीने दुखवलेलं नाही. ते भूल घेऊन, टाके घालून परत आले होते. घाबरले असणार, आणि मुलीसमोर तसं म्हणता येत नाही. "देवाच्या कृपेने पार पडलं" हे सुटकेचं वाक्य होतं. शरीराची रचना कुणी केली याबद्दलचा सिद्धान्त ते मांडत नव्हते. तू त्याला सिद्धान्त समजून उत्तर दिलंस, आणि तेही त्यांच्याच जखमेचा दाखला देऊन. रुग्ण आणि त्याचे नातेवाईक असं वाक्य तुझ्यासमोर शेकडो वेळा बोलतील. तेव्हा काय ऐकायचं हे शिकणं हाही तुझ्या शिक्षणाचा भाग आहे.

म्हणून फोन कर, आणि जेवण-झोपेचं बोलून झालं की तूच विषय काढ. "बाबा, त्या दिवशी मी जे बोलले ती वेळ नव्हती आणि ती पद्धतही नव्हती. तुम्हाला बरं वाटत होतं आणि मी मध्येच वाद घातला. चुकलंच." एवढं पुरे. त्याला जोडून "पण मुद्दा बरोबर होता" असं म्हणू नकोस, आणि "तुमचंच बरोबर आहे" असंही म्हणू नकोस, कारण ते खोटं होईल आणि त्यांना कळेल.

मग त्यांच्या ऑपरेशनबद्दल विचार. कोणत्या बाजूला होता, जाळी बसवली का, खोकताना ओढ लागते का, सर्जनने किती दिवस वजन उचलू नका म्हटलं आहे. ही चौकशी मुलगी म्हणून कर, पण उत्तरं मात्र विद्यार्थिनीसारखी ऐक. त्यांची इच्छा असेल तर त्या ४ सेंटीमीटरच्या वाटेची गोष्ट त्यांना सांग, ती कशी मिटते, एवढी वर्षं तिने त्यांचं कसं निभावलं, आणि ती तिथे आलीच कशी. हत्तीचंही सांग. गर्भातलं आतडं नाळेत जाऊन परत येतं हे ऐकून ते पुन्हा "बघ!" म्हणतील. म्हणू देत. त्यांना वाटणारं आश्चर्य आणि तुला वाटणारं आश्चर्य यांत मला तरी फरक दिसत नाही. फरक पुढच्या निष्कर्षात आहे, आणि प्रत्येक फोनवर निष्कर्षापर्यंत जायलाच हवं असं कुठे आहे?

एक तयारी मात्र ठेव. बाबा विचार करणारे दिसतात. कधीतरी ते म्हणतील, "ठीक आहे, आतडं नियमांनी फिरलं. पण ते नियम कुणी केले?" तेव्हा त्यांना डार्विनचं एक पत्र सांग. १८६० मध्ये त्याने एसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाला ते लिहिलं. ग्रे स्वतः श्रद्धाळू ख्रिश्चन होता आणि डार्विनचा खंदा पाठीराखाही. जिवंत सुरवंटाच्या शरीरात राहून त्यालाच खाणारे कीटक दयाळू देवाने मुद्दाम घडवले असतील, हे आपल्याला पटत नाही, असं डार्विन त्यात म्हणतो. पण हे अद्भुत विश्व निव्वळ आंधळ्या शक्तींचं फलित आहे, यावरही त्याचं समाधान होत नाही. कदाचित नियम योजलेले असतील आणि तपशील योगायोगावर सोपवलेले असतील, अशी कल्पना तो करून बघतो, आणि हा सगळा विषय मानवी बुद्धीला झेपणारा नाही म्हणून थांबतो. नियमांच्या त्या प्रश्नावर तुझ्या डिसेक्शनमधून काहीही मिळणार नाही, आणि तिथे तुझं वैद्यकीय शिक्षण बाबांपेक्षा तुला जास्त शहाणं करत नाही. त्यावर ते आयुष्यभर विचार करत आले असतील. तिथे आधी त्यांचं ऐक.